५१ वर्षांनी माळ्यावर सापडलेली गिटार आणि बेसवाल्यांचा नाद, नेमका विषय काय आहे?

तारीख १० ऑक्टोबर १९७२. लंडनच्या नॉटिंग हिल भागात रस्त्याच्या कडेला एक व्हॅन उभी होती. व्हॅनमध्ये पॉल मॅकार्टनीच्या 'विंग्स' या बँडचं सामान होतं. रात्रीत कुणीतरी व्हॅन फोडली आणि त्यातलं सामान घेऊन पसार झालं.

त्या सामानात एक गिटार होती. व्हायोलिनसारख्या आकाराची, डावखुरी, जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीची. १९६१ मध्ये बीटल्स अजून जगाला माहीत नव्हते, हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवून पोट भरत होते, तेव्हा मॅकार्टनीने ती साधारण ३० पौंडांना घेतली होती. महागडी फेंडर परवडत नव्हती, म्हणून ही. पुढे 'लव्ह मी डू' आणि 'शी लव्ह्ज यू' ही गाणी याच गिटारीवर रेकॉर्ड झाली.

चोराने ती जवळच्या एका पबच्या मालकाला विकली. मालकाच्या घरात ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली आणि शेवटी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडच्या एका घराच्या माळ्यावर जाऊन पडली. २०२३ मध्ये हॉफ्नर कंपनीशी संबंधित एक तज्ज्ञ आणि एक पत्रकार जोडपं यांनी 'द लॉस्ट बेस प्रोजेक्ट' नावाची जाहीर शोधमोहीम काढली. बातमी पसरली, माळ्यावरच्या गिटारीची त्या घरातल्यांना आठवण झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये गिटार मॅकार्टनीकडे परत गेली. तिची किंमत १ कोटी पौंडांपर्यंत जाईल, असे अंदाज तेव्हा माध्यमांमध्ये छापून आले.

आता गंमत बघा. हे सगळं एका बेस गिटारसाठी झालं. म्हणजे ज्या वाद्याचा आवाज दहापैकी नऊ लोकांना गाण्यात वेगळा ओळखताही येत नाही, त्यासाठी. तरीही जगभरात हजारो लोक असे आहेत जे एक बेस घेतात, मग दुसरा घेतात, मग घरात जागा उरत नाही.

हा नाद लागतो कशामुळे? आणि त्यात एवढे पैसे का आहेत?

आधी बेस म्हणजे काय ते समजून घेऊ

आपल्याकडे बेस म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते. छातीत धडधड होते ती. ती धडधड म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज आणि बँडमध्ये तो आवाज काढायची जबाबदारी ज्याच्यावर असते ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुतेक वेळा चारच. पण तारा जाड आणि लांब. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला इतक्या खालचा आवाज काढताच येत नाही. म्हणजे फोनवर रील बघताना तुम्ही जो बेस 'ऐकता', त्याचा मूळ स्वर बऱ्याचदा त्यात नसतोच. वरचे उपस्वर ऐकून मेंदू गाळलेली जागा स्वतः भरतो. हेडफोन लावल्यावर तेच गाणं एकदम भरल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

बेसचं काम तबल्याच्या डग्ग्यावरून लगेच कळेल. डग्गा काढून नुसती चाटी वाजवली तर ताल मोजता येतो, पण गाण्याला वजन राहत नाही. बेस तालाला वजन देतोच, शिवाय तो सुरातही असतो. ड्रमवाला आणि गाणारा यांना बांधून ठेवणारी दोरी म्हणजे बेस. दोरी घट्ट असेपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, सुटली की सगळ्यांना कळतं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सगळं बदललं

१९५० च्या आधी हे काम डबल बेस करायचा. माणसाएवढा उंच, उभा धरून वाजवायचा, लाकडी खोका. एक तर तो गाडीत मावायचा नाही आणि इलेक्ट्रिक गिटारी आल्यावर त्यांच्या गोंगाटात तो ऐकूही येईनासा झाला.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर नावाच्या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांच्या तक्रारी तो नीट ऐकायचा. १९५१ मध्ये त्याने सपाट लाकडाची, गळ्यात अडकवता येईल अशी इलेक्ट्रिक बेस बाजारात आणली. तिच्या मानेवर सतारीला पडदे असतात तशा धातूच्या पट्ट्या होत्या, ज्यांना फ्रेट म्हणतात. बोट पट्टीच्या मागे दाबलं की सूर बरोबरच लागणार, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बेस. १९६० मध्ये त्याच कंपनीचा जॅझ बेस आला.

७० वर्षांहून जास्त काळ झाला, आजही जगात विकल्या जाणाऱ्या बहुतेक बेस गिटारी या दोघींच्याच आसपास फिरतात.

जुन्या गिटारीला सोन्याचा भाव का?

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या बड्या अमेरिकन कंपनीने १.३ कोटी डॉलरला विकत घेतली. त्यानंतर उत्पादन वाढलं आणि दर्जा घसरत गेला, अशी वाजवणाऱ्यांची तक्रार सुरू झाली. तेव्हापासून बाजारात एक शब्द रुळला, 'प्री-सीबीएस'. म्हणजे १९६५ च्या आधीचा माल.

हा माल आता नव्याने बनणार नाही. आहे तोही दरवर्षी थोडा तुटतो, जळतो, चोरीला जातो. पुरवठा कमी होत जाणार आणि मागणी वाढत जाणार, मग भाव चढतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा, चांगल्या अवस्थेतला मूळ जॅझ बेस आज रुपयांत मोजला तर सहज १० लाखांच्या वर जातो.

आता यात फसवाफसवीही आलीच. म्हणून खरा माल ओळखायचं एक शास्त्रच तयार झालं आहे. मान काढून तिच्या टोकावर पेन्सिलने किंवा शिक्क्याने टाकलेली तारीख बघतात. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली जो भाग असतो, ज्याला पॉट म्हणतात, त्यावर आकडे कोरलेले असतात. सुरुवातीचे आकडे बनवणारी कंपनी सांगतात आणि शेवटचे आकडे वर्ष आणि आठवडा. समजा विकणारा म्हणतोय गिटार १९६२ ची आहे आणि पॉटवरचा आकडा १९७१ दाखवतोय, तर एक तर पॉट बदललाय किंवा गोष्ट बनवलीय.

रंगाचंही तसंच. कुणी हौसेने जुन्या गिटारीला नवा रंग दिला तर किंमत जवळपास निम्म्यावर येते, असा या बाजाराचा ठोकताळा आहे. त्यामुळे टवके उडालेली, सिगारेटने डागलेली गिटार चकचकीत केलेल्या गिटारीपेक्षा महाग असते.

मग प्रश्न येतो, जुनी गिटार खरंच चांगली वाजते का? काही वाजतात, काही वाजत नाहीत. आजच्या चांगल्या नव्या बेसमध्ये बनावटीचा अचूकपणा उलट जास्त असतो. वरचे पैसे असतात ते दुर्मिळतेचे आणि तिच्या गोष्टीचे.

एक घेतली की दुसरी

या नादाला नावही आहे. 'स्टीली डॅन' बँडचा वॉल्टर बेकर, जो स्वतः बेस वाजवायचा, त्याने ९० च्या दशकात एका लेखात या आजाराचं गमतीने बारसं केलं, 'गिटार अॅक्विझिशन सिंड्रोम'. म्हणजे गिटारी गोळा करण्याचा रोग. माणसाला किती गिटारी लागतात, तर आत्ता आहेत त्याहून एक जास्त, हा या लोकांचा लाडका विनोद.

कॅनडाच्या 'रश' बँडचा गेडी ली याचं उदाहरण बघा. ७० च्या दशकात दौऱ्यावर असताना अमेरिकेतल्या कॅलामाझू गावात, गहाण पडलेला माल विकणाऱ्या दुकानात, त्याला १९७२ सालचा एक जॅझ बेस २०० डॉलरला मिळाला. पुढे कित्येक वर्षं तोच त्याचा मुख्य बेस होता. संग्रहाचा नाद मात्र त्याला पन्नाशीनंतर लागला. काही वर्षांत संग्रह इतका वाढला की २०१८ मध्ये त्याने त्यावर जाडजूड पुस्तकच काढलं. त्यात २५० हून जास्त बेस आहेत.

'द हू' बँडचा जॉन एन्टविसल हाही असाच. पाच वेगवेगळ्या बेसचे भाग जोडून त्याने एक गिटार बनवली आणि तिचं नाव ठेवलं 'फ्रँकेन्स्टाइन'. २००२ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये सदबीजने त्याच्या गिटारींचा लिलाव केला. आयुष्यभर एका घरात जमवलेलं वेगवेगळ्या घरांत पांगलं.

इथेच या नादातला खरा पेच सुरू होतो. वाद्य वाजवण्यासाठी असतं. पण एकदा त्याची किंमत घराएवढी झाली की ते काचेच्या कपाटात जातं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला वाजवता येईलच असं नाही आणि ज्याला वाजवता येतं त्याच्याकडे बऱ्याचदा भाड्यालाही पैसे नसतात.

हा पेच ज्याच्या गिटारीत सगळ्यात स्पष्ट दिसतो, तो म्हणजे जाको.

९० डॉलरची गिटार आणि बोटीला लावायचं रसायन

जाको पास्टोरियस. १९५१ चा जन्म, फ्लोरिडात वाढलेला. त्याच्याकडे १९६२ सालचा जॅझ बेस होता, जो त्याने ९० डॉलरला घेतल्याचं सांगितलं जातं. या बेसच्या मानेवरचे सगळे फ्रेट काढलेले होते. आपण बटर लावायच्या सुरीने ते उपटले, असं जाको सांगायचा. खाचा त्याने लांबी भरून बुजवल्या आणि वरून बोटींना लावतात तसं इपॉक्सीचं जाड लुकण चढवलं.

फ्रेट काढल्यावर काय होतं? सतार आणि सरोद यांच्यातला फरक आठवा. सरोदला पडदे नसतात, म्हणून सूर सरकत-सरकत जातो. जाकोचा बेस तसा गायला लागला. १९७६ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी तो 'वेदर रिपोर्ट' या गाजलेल्या बँडमध्ये गेला आणि मागे उभं राहून साथ करणारं वाद्य थेट पुढे आलं. या गिटारीचं नाव पडलं 'बेस ऑफ डूम'.

संग्राहकांच्या नियमाने बघितलं तर ही गिटार पार खराब केलेली. फ्रेट उपटलेले, मानेवर रसायन, पुढे एकदा तर तुकडे झालेले आणि कारागिरांनी ते पुन्हा जोडलेले. पण हीच आज जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बेस गिटारींपैकी एक आहे. कारण ती कुणी वाजवली, हे सगळ्यांना माहीत आहे.

जाकोचं पुढे वाईट झालं. १९८२ मध्ये त्याला बायपोलर डिसऑर्डर असल्याचं निदान झालं. दारू आणि नशा सुटली नाही. ८० च्या दशकाच्या मध्यात तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, बागांमध्ये राहत होता. १९८६ मध्ये एका बागेतल्या बाकावर बेस ठेवून तो बास्केटबॉल खेळायला गेला. परत आला तेव्हा बाक रिकामा होता.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८७ मध्ये, फ्लोरिडातल्या एका क्लबबाहेर त्याला जबर मारहाण झाली आणि २१ सप्टेंबरला तो गेला. वय फक्त ३५.

बेस तब्बल २० वर्षांनी, २००६ मध्ये, न्यूयॉर्कमध्येच एका गिटारच्या दुकानात उगवला. घरच्यांचं म्हणणं, हा चोरीचा माल आहे, आमचा आहे. दुकानाचं म्हणणं, आम्ही पैसे देऊन घेतलाय. वाद सुरू झाला आणि वकिलांचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता.

मग एन्ट्री झाली 'मेटालिका'चा बेसिस्ट रॉबर्ट ट्रुहियो याची. जाकोला ऐकत वाढलेला माणूस. २०१० मध्ये त्याने पैसे भरून बेस सोडवला. पण त्याने सौदा असा केला की कायदेशीर मालकी त्याच्याकडे राहील आणि जाकोच्या कुटुंबाला कधीही तो परत हवा असेल तर त्याने मोजले तेवढ्याच किमतीला तो देईल. बाजार कितीही चढला तरी एक डॉलर जास्त नाही. जाकोचा मुलगा फेलिक्स स्वतः बेसिस्ट आहे आणि त्याच्या हातात हा बेस पुन्हा वाजलाही.

जी अजून सापडली नाही

तिसरी चोरी मात्र अजून उघड झालेली नाही.

जेम्स जेमरसन हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्याचा बेस नक्की ऐकला असेल. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची 'माय गर्ल', 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' ही गाणी आठवा. ६० च्या दशकात अशा कितीतरी हिट गाण्यांवर बेस त्याचाच होता. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही, हा त्याचा नियम. त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसला लोक 'फंक मशीन' म्हणायचे.

पण रेकॉर्डच्या कव्हरवर वाजवणाऱ्यांची नावंच छापली जायची नाहीत. मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर त्याचं नाव यायला १९७१ उजाडलं. २ ऑगस्ट १९८३ ला तो ४७ व्या वर्षी वारला. त्याच्या काही दिवस आधी फंक मशीन त्याच्या घरातून चोरीला गेली. ती आजपर्यंत सापडलेली नाही.

२००० मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तोवर तो जाऊन १७ वर्षं झाली होती.

आपला काय संबंध?

बराच आहे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही बेसवाले असेच पडद्यामागे राहिले. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यं वाजवणाऱ्यांमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांना माहीत आहे? आज चित्र थोडं बदललंय. 'इंडियन ओशन'चा राहुल राम बेस वाजवत गातो आणि मुंबईची मोहिनी डे हे नाव तर बेस वाजवणाऱ्यांमध्ये जगभर माहीत आहे.

दुसरा धागा लाकडाचा. जुन्या फेंडरच्या मानेवर, जिथे बोटं फिरतात तिथे, ब्राझीलचं रोझवूड असायचं. ते झाड संपत आलं आणि १९९२ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. त्याची जागा मोठ्या प्रमाणात भारतीय रोझवूडने घेतली. भारतीय रोझवूड म्हणजे आपला सह्याद्रीत वाढणारा शिसव. आजोळच्या घरातलं काळं शिसवी कपाट आणि परदेशी बँडच्या हातातला बेस, लाकूड एकाच जातीचं असू शकतं. २०१७ मध्ये या सगळ्या जातींवर निर्बंध आले तेव्हा गिटार कंपन्यांची धावपळ उडाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला नाही. त्यामुळे परदेशातून जुनी गिटार मागवताना मान कोणत्या लाकडाची आहे हे न विचारता पैसे पाठवले तर माल कस्टममध्ये अडकू शकतो.

मग बेस घ्यायचाच असेल तर?

शिकायला सुरुवात करण्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. आपल्याकडे १५-२० हजारांच्या आसपास शिकण्याजोगा नवा बेस मिळतो. सोबत छोटा अॅम्प किंवा हेडफोन लावता येईल असं यंत्र लागतं, कारण नुसत्या बेसचा आवाज खोलीच्या बाहेरही जात नाही. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट.

जुना घेत असाल तर मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून बघा, कुठे खरखरते का. बटणं फिरवून बघा. आणि विकणाऱ्याला पावती किंवा जुने फोटो मागा. भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल आणि विकणाऱ्याला घाई असेल, तर तो बेस कुणाच्या तरी व्हॅनमधून आलेला असू शकतो.

आणि आधीपासून गिटार असेल तर आजच एक काम करा. तिचा सिरीयल नंबर लिहून ठेवा. तिच्यावरचे ओरखडे, डाग, टवके यांचे फोटो काढून ठेवा. त्यात तुमचा हातही येऊ द्या. मॅकार्टनीची गिटार ओळखता आली, कारण तिचे जुने फोटो होते आणि प्रत्येक खूण जुळवून बघता आली. माळ्यावरून उतरली तेव्हा तिला दुरुस्तीची गरज होती, पण ती सोबतच्या जुन्या पेटीसकट शाबूत होती.

फंक मशीनही कुठेतरी असेल. एखाद्या माळ्यावर, पलंगाखाली, किंवा एखाद्या संग्राहकाच्या कपाटात, जो ती कुणाला दाखवू शकत नाही. ज्याच्याकडे आहे त्याला कदाचित माहीतही नसेल की त्या जुनाट, कळकट तारांवर जगाने ऐकलेली किती गाणी वाजली आहेत.